बदली

मराठीत ‘बदली’ हा शब्द दोन तऱ्हेच्या घरांत दोन तऱ्हेने ऐकू येतो. सरकारी नोकरीवाल्यांच्या घरात बदली म्हणजे ट्रंका, नवं गाव, मुलांच्या शाळेचे दाखले. आमच्या घरात बदली म्हणजे माणूस. माझे आजोबा परळच्या एका कापडगिरणीत कायम होण्याआधी कित्येक वर्षं ‘बदली’ होते. पहाटे फाटकाशी उभं राहायचं, साचेखात्यात कुणाचा खाडा पडला की जॉबरने हाक मारायची, मग त्या दिवसापुरता त्या माणसाचा साचा आपला. हाक आली नाही तर घरी परत. आजोबा फार बोलत नसत, पण एक गोष्ट त्यांनी मला दोन-तीनदा सांगितली होती. हात कितीही बसलेला असला तरी परक्या साच्यावर पहिल्या दिवशी धागे जास्त तुटतात, आणि हिशेब करणाऱ्याला फक्त कापड दिसतं.

हे बोलणं मला पुन्हा आठवलं ते मोटारशर्यतींच्या इतिहासाची कागदपत्रं चाळताना, आणि तेही नको तितक्या उशिरा.

२००९ च्या ऑगस्टमध्ये मी दिल्लीत एका भाड्याच्या खोलीत राहत होतो. फॉर्म्युला वनची युरोपातली शर्यत असली की रविवारी संध्याकाळी साडेपाचला आम्ही पाच-सहा जण टीव्हीसमोर बसायचो. एक मल्याळी, दोघे बंगाली, एक लखनौचा आणि मी. विजय मल्ल्यांच्या ‘फोर्स इंडिया’ संघामुळे तेव्हा या खेळात आपलाही एक पाट मांडलाय असं आम्हांला वाटे. त्या महिन्यात लुका बादोएर नावाचा एक इटालियन ड्रायव्हर फेरारीच्या लाल गाडीत बसला आणि सगळ्यांच्या मागे राहिला. आम्ही पोट धरून हसलो. मी तेव्हा एका मराठी साप्ताहिकात खेळांवर अधूनमधून लिहीत असे. ‘फेरारीतलं कासव’ अशा मथळ्याचा एक चुरचुरीत मजकूर मी त्या आठवड्यात पाठवून दिला. त्यातला एकही आकडा चुकीचा नव्हता.

आता ते आकडे पुन्हा मांडतो, पण जरा मागून सुरुवात करून.

२५ जुलै २००९. हंगेरीतल्या हंगरोरिंग सर्किटवर क्वालिफाइंग चालू असताना रुबेन्स बारिकेल्लोच्या गाडीतून एक स्प्रिंग निखळली आणि मागून येणाऱ्या फेलिपे मास्साच्या हेल्मेटवर आदळली. मास्सा बेशुद्ध झाला, गाडी सरळ टायरांच्या भिंतीत गेली. तो वाचला, पण उरलेला हंगाम त्याच्यासाठी संपला. फेरारीला बदली हवा होता. पहिलं नाव आलं ते थेट मिखाएल शुमाखरचं. सात वेळचा जगज्जेता, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. जगभर दवंडी पिटली गेली. शुमाखरने मुजेलोच्या सर्किटवर २००७ ची गाडी चालवून पाहिली, कारण चालू हंगामाच्या गाडीला हात लावायची नियमाने मनाई होती. फेरारीने खास परवानगी मागितली. विल्यम्स, रेड बुल आणि तोरो रोसो या संघांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्याच हंगेरीच्या शर्यतीत तोरो रोसोचा एकोणीस वर्षांचा हाइमे अल्गेर्सुआरी कसलाही सराव न मिळता पहिल्यांदा उतरला होता. पोराला जे मिळालं नाही ते जगज्जेत्याला का द्यायचं? ११ ऑगस्टला शुमाखरनेच माघार घेतली. फेब्रुवारीत मोटारसायकलवरून पडून दुखावलेली त्याची मान तो भार सोसायला तयार नव्हती.

मानेचा मुद्दा वाचकाला किरकोळ वाटू शकतो, म्हणून थोडं थांबतो. वेगात वळण घेताना या गाडीत डोकं आणि हेल्मेट मिळून आपल्या वजनाच्या चार-पाच पट भाराने बाहेरच्या बाजूला ओढलं जातं, लॅपमागून लॅप, दीड तास. व्यायामशाळेत मानेची ताकद वाढवता येते, पण नेमकी ही ओढ दुसरीकडे कुठे मिळत नाही. गाडीत बसल्यानेच मान गाडीत बसण्याजोगी होते. जो बाहेर राहिला त्याचं डोकं शर्यतीच्या उत्तरार्धात हळूहळू कलू लागतं, आणि डोकं कललं की वळणाचा टोकबिंदू वेळेवर दिसत नाही.

शुमाखर हटला आणि हाक गेली बादोएरला.

लुका बादोएर तेव्हा अडतीस वर्षांचा होता. १९९२ मध्ये तो फॉर्म्युला ३००० चा विजेता होता, म्हणजे पहिल्या पायरीच्या बरोबर खालच्या पायरीवरचा पहिला. वर आल्यावर मात्र त्याच्या वाट्याला आल्या त्या तळाच्या गाड्या: १९९३ मध्ये लोला, १९९५ मध्ये मिनार्दी, १९९६ मध्ये फोर्ती. नंतर तो फेरारीचा टेस्ट ड्रायव्हर झाला, आणि १९९९ मध्ये ते काम सांभाळून पुन्हा मिनार्दीकडून शर्यतींत उतरला. त्या वर्षी ११ जुलैला सिल्व्हरस्टोनला शुमाखरचा पाय मोडला. फेरारीत जागा रिकामी झाली. फेरारीची गाडी घरच्यासारखी ओळखणारा माणूस समोर होता. पण तो मिनार्दीशी बांधलेला होता, आणि फेरारीने मोकळा असलेला फिनलंडचा मिका सालो निवडला. सालो त्याच हंगामात बार संघासाठी तीन शर्यतींत दुसऱ्याच्या जागी बसून आलेला, म्हणजे सरावातला बदली. हॉकेनहाइमला तो पुढे असताना संघाच्या सांगण्यावरून त्याने एडी अर्वाइनला वाट दिली आणि दुसरा आला, मोंझाला तिसरा. मधे हंगेरीत मात्र तो गुणांच्या बराच बाहेर, बारावा होता, हे लोक विसरतात.

बादोएरच्या वाट्याला त्या वर्षी आला नुर्बुर्गरिंग. २६ सप्टेंबर १९९९ ला पाऊस येत-जात होता, पुढच्या गाड्या एकेक करून बाद होत होत्या, आणि मिनार्दीसारख्या गरीब संघाची गाडी घेऊन बादोएर चौथ्या जागेवर पोहोचला होता. तेरा लॅप उरले असताना गिअरबॉक्स गेला. तो गाडीतून उतरला, गाडीलाच टेकला आणि रडला. ते चित्रण आजही पाहायला मिळतं. महिनाभराने सुझुकाला तो हंगामाची शेवटची शर्यत धावला. त्यानंतर दहा वर्षं एकही शर्यत नाही.

पण दहा वर्षं तो रिकामा बसला नव्हता. मारानेल्लोच्या कारखान्याला लागून फेरारीचं स्वतःचं फिओरानो सर्किट आहे, १९७२ पासूनचं. मुजेलोही त्यांचंच. २००० ते २००४ अशी सलग पाच विजेतेपदं शुमाखरने फेरारीला मिळवून दिली, त्या गाड्या घडल्या त्या या दोन ठिकाणी. सोमवार ते शुक्रवार कुणीतरी त्या चालवत होतं. ते काम कसं असतं? एक गाडी, एक सर्किट, एकच लॅप, दिवसातून शंभर वेळा. मधे एक बारीक फरक करायचा. मागच्या पंखाचा कोन, टायरचं नवं मिश्रण, सस्पेन्शनचा एखादा भाग. मग पुन्हा तोच लॅप तसाच मारायचा, म्हणजे फरक पडला तो भागामुळे की माणसामुळे हे कळेल. इथे चांगला ड्रायव्हर तो, जो स्वतःला बदलू देत नाही. कमाल वेग गाठणं हे इथे जवळजवळ बेशिस्तीचं लक्षण. शर्यतीला याच्या उलट माणूस लागतो. थंड टायरांवर, भोवती एकोणीस गाड्या असताना, आधी कधी न केलेलं ब्रेकिंग पहिल्याच वळणावर करायला जो तयार आहे तो. बाहेरून दोन्ही कामं सारखीच दिसतात. तीच गाडी, तोच पोशाख. माझ्या कासवाच्या लेखात मी लिहिलं होतं की ज्या माणसाने ही गाडी सर्वांत जास्त चालवली तोच तीत सर्वांत हळू निघाला. त्या वाक्यावर मी खूष होतो. त्यातली गफलत मला तेव्हा दिसली नाही.

दुसरी गोष्ट त्याहून क्रूर. २००८ च्या आर्थिक मंदीनंतर होंडासारखी कंपनी खेळातून बाहेर पडली आणि खर्च आटोक्यात आणण्यासाठी २००९ पासून हंगाम चालू असताना गाड्यांच्या चाचण्या बंद झाल्या. म्हणजे बादोएरचा धंदाच त्या वर्षी उठला. त्याच वर्षी गाडीचं रूपही पुरतं बदललं. खाचांच्या टायरांऐवजी गुळगुळीत टायर परत आले, पंखांचे आकार बदलले, ब्रेकमधली ऊर्जा साठवून परत वापरणारी ‘कर्स’ यंत्रणा आली, पुढच्या पंखाचा कोन ड्रायव्हरला बसल्या जागेवरून बदलता येऊ लागला. बोटाखालची बटणं वाढली. दहा वर्षं गाडीशी रोजचा घरोबा असलेला माणूस नेमक्या त्याच वर्षी गाडीला परका झाला, आणि त्याच वर्षी त्याला हाक आली.

पहिली शर्यत व्हॅलेन्सियात, बंदराभोवतीच्या रस्त्यांवर. हे सर्किट २००८ मध्ये पहिल्यांदा वापरात आलं. बादोएरने ते कधी चालवलेलं नव्हतं. सराव म्हणजे शुक्रवारी दीड-दीड तासाची दोन सत्रं आणि शनिवारी सकाळचा एक तास. शुक्रवारी पिटच्या गल्लीतली वेगमर्यादा त्याने चार वेळा मोडली. आम्ही दिल्लीत टाळ्या वाजवल्या, कारण हा माणूस सर्किटवर सावकाश आणि पिटमध्ये सुसाट, असा विनोद आयता तयार होता. क्वालिफाइंगमध्ये विसावा, म्हणजे शेवटचा, आणि एकोणिसाव्या अल्गेर्सुआरीपेक्षा जवळजवळ दीड सेकंदाने मागे. या खेळात दीड सेकंद म्हणजे एक तालुका. रविवारी सुरुवात मात्र त्याने झकास केली, पहिल्याच लॅपमध्ये काही गाड्या मागे टाकल्या, पण तो फायदा टिकला नाही. पुढे पिटमधून बाहेर पडताना रोमाँ ग्रोझाँला वाट देण्याच्या नादात पांढरी रेघ ओलांडली गेली आणि दंड म्हणून पुन्हा पिटमधून जावं लागलं. सतरावा आला; धावत पोहोचलेल्यांत शेवटचा. त्याच गाडीतून किमी रायकोनेन तिसरा.

आठवड्याने, ३० ऑगस्टला, बेल्जियमचं स्पा. या सर्किटवर तरी तो रुळेल असं वाटत होतं. पुन्हा विसावा, पुन्हा शेवटचा. शर्यतीत चौदावा, म्हणजे चौदांत चौदावा. आणि शर्यत जिंकली रायकोनेनने, त्याच गाडीत.

आमच्या खोलीत त्या संध्याकाळी बादोएरकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नव्हती. कारण फोर्स इंडियाचा जिआनकार्लो फिसिकेल्ला पहिल्या जागेवरून सुटला होता आणि रायकोनेनच्या मागे एक सेकंदाचंही अंतर पडू न देता दुसरा आला होता. या संघाचे ते पहिलेच गुण. लखनौकर पलंगावर उभा राहून नाचला. काही दिवसांत बातमी आली: फेरारीने बादोएरला उतरवलं आणि फिसिकेल्लाला बोलावलं. इटालियन माणसाला फेरारी म्हणजे काय ते सांगायला नको. तो गेला. आम्ही हळहळलो, आणि मनातल्या मनात म्हणालो, आता बघा खरा ड्रायव्हर काय करतो.

पाच शर्यती. नववा, तेरावा, बारावा, दहावा, सोळावा. गुण तेव्हा पहिल्या आठांना मिळत. म्हणजे शून्य.

फिसिकेल्ला रिकामा नव्हता, गंजलेला नव्हता, आठवड्यापूर्वी जवळजवळ जिंकलेला होता. हंगामाच्या मध्यावर त्याने एक गाडी सोडून दुसरी धरली, एवढंच. सीट प्रत्येकाच्या अंगाच्या साच्यात घडवलेली असते, ती दोन दिवसांत नवी करता येते. पण ब्रेक पेडल कुठल्या क्षणी चावतं, मागची चाकं सुटायच्या आधी पाठीला काय कळतं, हे ज्याचं त्याने जानेवारीपासून साठवलेलं असतं. फेरारीची ती गाडी मुळात हट्टी होती, रायकोनेनने तिचा हट्ट अंगवळणी पाडून घेतला होता. फिसिकेल्लाच्या त्या पाच निकालांनंतर माझ्या लेखाला उत्तर मिळालं होतं, पण कासवाची दुरुस्ती छापावी असं मला सुचलं नाही. साप्ताहिकालाही नाही.

तुलनेसाठी १९८२ ची मोंझा शर्यत नेहमी पुढे केली जाते, म्हणून तिच्याकडेही पाहायला हवं. त्या वर्षी फेरारीने मे महिन्यात जिल व्हिलनव्हला गमावलं, ऑगस्टमध्ये दिदिए पिरोनीचे पाय मोडले. मोंझासाठी अमेरिकेतून मारिओ आंद्रेत्तीला बोलावलं. १९७८ चा जगज्जेता, वय बेचाळीस. त्याने पहिली जागा मिळवली आणि शर्यतीत तिसरा आला. इटली वेडी झाली. त्या आठवणीच्या मापाने बादोएरला मोजणारे दोन गोष्टी वगळतात. आंद्रेत्ती त्या वर्षी अमेरिकेत नियमित शर्यती धावतच होता. आणि मोंझाच्या आधी त्याने फिओरानोला तीच गाडी चालवून पाहिली होती, कारण तेव्हा तशी बंदी नव्हती. आंद्रेत्तीचं मोठेपण याने उणावत नाही. त्याला निदान साचा आदल्या दिवशी पाहायला मिळाला होता.

अलीकडचं उदाहरण निको हुल्केनबर्गचं. २०१९ च्या अखेरीस त्याची जागा गेली. २०२० च्या जुलैअखेरीस सर्जिओ पेरेझला कोविड झाला आणि रेसिंग पॉइंट संघाने हुल्केनबर्गला ऐनवेळी बोलावलं. हा संघ म्हणजे आमचाच जुना फोर्स इंडिया, नाव आणि मालक बदललेला. हुल्केनबर्ग तिथे पूर्वी काही हंगाम राहिलेला, माणसं ओळखीची. सिल्व्हरस्टोनच्या पहिल्या रविवारी गाडी सुरूच झाली नाही. पुढच्या आठवड्यात क्वालिफाइंगमध्ये तिसरा, शर्यतीत सातवा. ऑक्टोबरमध्ये लान्स स्ट्रोल आजारी पडला. शनिवारी सकाळी हुल्केनबर्ग कोलोनमध्ये मित्राबरोबर कॉफी प्यायला निघाला होता, तेव्हा फोन आला. तासाभराच्या अंतरावर नुर्बुर्गरिंग. सराव शून्य. विसाव्या जागेवरून सुटून आठवा आला. सगळ्यांनी वाखाणलं, मीही. पण तो फक्त दहा महिने बाहेर होता, आणि हाताखाली त्या वर्षीची एक उत्तम गाडी होती. दहा महिने आणि दहा वर्षं.

नुर्बुर्गरिंगशी आपलीही एक नोंद आहे. २०११ च्या जुलैत लोटस संघाने यार्नो त्रुल्लीला एका शर्यतीपुरतं बाजूला ठेवून चेन्नईच्या करुण चंडोकला गाडी दिली. वर्षभरापूर्वी हिस्पानिया संघातली त्याची जागा हंगामाच्या मध्यावरच गेली होती. मधल्या काळात काही शुक्रवारचे सराव, एवढीच गाठ. तो विसावा आला, शेवटचा. पुढच्या शर्यतीला त्रुल्ली परत. ऑक्टोबरात भारतात पहिली शर्यत होणार होती, आणि नुर्बुर्गरिंगचा तो एक रविवार चंडोकसाठी तिथवरचा पूल व्हायला हवा होता. झाला नाही. मी त्या वेळी त्याच्यावर काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर काय लिहिलं असतं, याची मला फारशी खात्री नाही.

फिसिकेल्ला गेल्यावर फोर्स इंडियात त्याची जागा कुणी घेतली, हे सांगायचं राहिलं. व्हितांतोनिओ लिउझी. हाही इटालियन, हाही टेस्ट ड्रायव्हर, शेवटची शर्यत २००७ ची. मोंझाला तो सातव्या जागेवरून सुटला आणि गुण मिळतील अशा जागेवर धावत असताना गाडीने दगा दिला. म्हणजे बाहेर राहिलेला माणूस परतताच चांगला धावू शकतो, गाडी त्या सर्किटला मानवणारी असली तर. त्या दिवशी त्याचा सहकारी आड्रियान सुटील चौथा आला होता. बादोएरची कथा नियम म्हणून सांगणाऱ्याला लिउझी आडवा येतो. येऊ दे.

३० ऑक्टोबर २०११ ला मी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर होतो. आमच्या जुन्या टोळीतले तिघे आले होते. धूळ, ऊन, पाण्याच्या बाटलीचा अवाच्या सवा भाव. हिस्पानियाच्या गाडीतून कोइंबतूरचा नारायण कार्तिकेयन धावत होता. हंगामाच्या मध्यावर त्याची जागा दानिएल रिकियार्डोला दिली गेली होती. घरच्या शर्यतीपुरता संघाने त्याला परत घेतलं होतं. तो समोरून गेला की आमचं अख्खं स्टँड उठून उभं राहायचं. जवळजवळ चार महिन्यांनी शर्यतीत उतरलेला माणूस, तळाची गाडी; सतरावा आला, रिकियार्डोच्या एक जागा पुढे. माझा घसा बसला.

शर्यत संपल्यावर गर्दीत बाहेर सरकताना बंगाली मित्राने सहज विचारलं, ‘हा ज्याच्या जागी बसला तो कोण?’

लिउझी, मी म्हणालो. तो त्या दिवशी सर्किटवरच कुठेतरी असणार. दोन आठवड्यांनी अबू धाबीत त्याला गाडी परत मिळाली.